शेख महंमदबाबा श्रीगोंदेकर : अंतरीच्या रणांगणातील वीर

फाल्गुन वद्य षष्ठी ही तिथी महाराष्ट्राने शांतिब्रह्म एकनाथमहाराजांना वाहिली आहे. इसवी सन १५९९ मध्ये याच तिथीला नाथांनी गोदामाईच्या प्रवाहात देह विसर्जित केला. पैठणच्या वाळवंटात आज दिंड्यांची दाटी झालेली असते, आणि आमच्या वैनगंगेच्या खोऱ्यातही उन्हाळी धानाची रोवणी आटोपून मोकळा झालेला शेतकरी संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात येऊन बसतो. नाथांचे चरित्र आपण सर्वांनी पुष्कळ वेळा ऐकले आहे. म्हणून आजच्या पर्वकाळी त्यांच्याच गुरुपरंपरेच्या अंगणात वाढलेल्या एका थोर पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. हा पुरुष जन्माने मुसलमान, दीक्षेने सूफी, वाणीने मराठी आणि अंतःकरणाने भागवत होता. श्रीगोंद्याचे संत शेख महंमदबाबा ते हेच.

प्रथम नाते स्पष्ट करू. एकनाथांचे सद्गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीच्या किल्ल्याचे अधिपती होते, हे सर्वश्रुत आहे. जनार्दनस्वामींना दत्तात्रेयांचा अनुग्रह झाला, असे संप्रदाय मानतो. दत्तप्रभू मलंग फकिराच्या वेषात आले आणि शिष्याची परीक्षा घेऊन गेले, ही कथाही नाथचरित्रात आदराने सांगितली जाते. या मलंगाच्या मागे चांद बोधले नावाचा एक खराखुरा सत्पुरुष उभा होता, असे सांगणारी दुसरी एक परंपरा आहे. चांद बोधले हे कादरी शाखेचे सूफी. देवगिरीच्या परिसरातच त्यांचे समाधिस्थान आहे. या परंपरेप्रमाणे त्यांच्या कृपेच्या दोन धारा महाराष्ट्रात वाहिल्या. एक धारा जनार्दनस्वामींच्या द्वारे एकनाथांपर्यंत पोहोचली, तर दुसरी शेख महंमदांच्या रूपाने श्रीगोंद्याला गेली. या नात्याने शेख महंमद हे जनार्दनस्वामींचे गुरुबंधू ठरतात. नाथषष्ठीला त्यांचे स्मरण करणे म्हणजे आपल्याच घराण्यातील एका वडिलधाऱ्याला नमस्कार करणे होय.

शेख महंमदांचा जन्म सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. धारूर, वाहिरे हा आजच्या बीड जिल्ह्यातील मुलूख त्यांच्या घराण्याशी निगडित असल्याचे परंपरा सांगते. पित्याचे नाव राजे महंमद व मातेचे फुलाई. तो काळ निजामशाहीचा. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हे त्या राज्याचे मुख्य ठाणे. सरदारांच्या चढाओढी, मोगलांच्या स्वाऱ्या, परगण्यांची लूट आणि अधूनमधून पडणारे दुष्काळ यांत रयत भरडून निघत होती. शेख महंमदांच्या हयातीतच १६३० च्या सुमाराचा तो महाभयंकर दुष्काळ पडला आणि १६३६ मध्ये निजामशाहीचा दिवा कायमचा मालवला. ज्यांना आपण शांतीचे कवी म्हणतो त्यांच्या भोवती शांती मुळीच नव्हती, हे ध्यानात ठेवले म्हणजे त्यांच्या शब्दांची किंमत कळते.

संतचरित्रकार महिपतींनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या भक्तविजय ग्रंथात शेख महंमदांच्या वैराग्याची एक कथा सांगितली आहे. घरच्या रिवाजाप्रमाणे बकरे कापण्याचे काम या तरुणावर आले. हाती सुरी आली, पुढे जनावर बांधलेले होते. सुरी फिरवण्यापूर्वी त्याने तिची धार आपल्या बोटावर लावून पाहिली. रक्त आले, वेदना झाली. एवढ्याशा जखमेने आपला जीव कळवळतो, मग मान कापली जाताना या मुक्या प्राण्याचे काय होत असेल, हा विचार त्याच्या मनात वीज चमकावी तसा चमकला. सुरी खाली पडली आणि संसारावरची आसक्तीही तेथेच गळाली.

ही कथा आम्ही कीर्तनात अनेकदा लावतो. श्रोते बहुधा तिच्यातील दयेला मान डोलावतात. परंतु तिच्यातील मर्म याहून थोडे पुढे आहे. त्या तरुणाने दयेवर व्याख्यान दिले नाही, दुसऱ्याच्या हातातील सुरी हिसकावून घेतली नाही. त्याने ती प्रथम स्वतःवर चालवून पाहिली. दुसऱ्याला लावण्याचे शस्त्र आधी स्वतःला लावून पाहणे, हेच पुढे या महात्म्याचे अवघे जीवन झाले, आणि त्याचे काव्यही तेच झाले.

वैराग्य जागे झाले, पण वाट दाखवणारा हवा होता. तो देवगिरीच्या परिसरात चांद बोधल्यांच्या रूपाने भेटला. तो मुलूख पूर्वीपासूनच सूफींच्या निवासाने भारलेला. जवळच्या खुलताबादेत चौदाव्या शतकापासून बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि जैनुद्दीन शिराझी यांच्यासारख्या थोर सूफींच्या समाध्या आहेत. कादरी शाखेचे मूळ मात्र बगदादचे. बाराव्या शतकात होऊन गेलेले अब्दुल कादिर जिलानी हे तिचे आद्य पुरुष. बगदादहून निघालेला हा साधनेचा ओघ सह्याद्रीच्या पठारावर येऊन मराठी बोलू लागला, ही इतिहासातील एक विलक्षण घटना म्हटली पाहिजे.

सूफी साधनेचे स्वरूप वाचकांना थोडक्यात सांगावयास हवे. सूफी चार पायऱ्या सांगतात. शरियत म्हणजे विहित आचार, तरीकत म्हणजे गुरूने दाखवलेली साधनेची वाट, मारिफत म्हणजे अंतरीचे ज्ञान आणि हकीकत म्हणजे सत्याशी गाठ. शेवटच्या दोन पायऱ्यांचा क्रम काही शाखांत उलटाही सांगतात. ईश्वराच्या नामाचा अखंड उच्चार म्हणजे जिक्र. मी पणाचा पूर्ण लोप म्हणजे फना. या सर्वांच्या आड येणारा शत्रू म्हणजे नफ्स, देहबुद्धीला चिकटलेला वासनामय अहंकार. बाहेरच्या शत्रूशी लढणे सोपे, या नफ्साशी लढणे हेच मोठे युद्ध, असे सूफी परंपरा मानते. ज्याने ज्ञानेश्वरी ऐकली आहे, नामस्मरणाचा अभ्यास केला आहे आणि षड्रिपूंची नावे ज्याला लहानपणापासून पाठ आहेत, त्या वारकऱ्याला यात परके असे काय वाटावे? शब्द निराळे आहेत, पण ज्या दुखण्यावर हे औषध दिले ते दुखणे एकच आहे.

शेख महंमद साधना पूर्ण करून लोकांत आले तेव्हा त्यांची योग्यता ओळखणारा एक राजपुरुष त्यांना भेटला. ते होते मालोजीराजे भोसले, शहाजीराजांचे वडील आणि शिवछत्रपतींचे आजोबा. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार करणारे, शिखर शिंगणापुरास यात्रेकरूंसाठी तलाव बांधणारे हे शिवभक्त घराणे. याच मालोजीराजांना अहमदनगरच्या शाह शरीफ या सूफी सत्पुरुषाच्या आशीर्वादाने पुत्र झाले आणि म्हणून त्यांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, असे बखरी सांगतात. त्या मालोजीराजांनी शेख महंमदांना गुरुस्थानी मानले, श्रीगोंद्यास त्यांच्यासाठी मठ उभारला आणि त्याच्या योगक्षेमाची व्यवस्था लावून दिली. श्रीगोंद्याचे जुने नाव चांभारगोंदे. शंकराचे देऊळ बांधणारा हात आणि फकिराचा मठ बांधणारा हात एकच होता, आणि त्यात त्या काळच्या लोकांना विसंगती वाटली नाही, हे आजच्या वाचकाने विसरू नये.

येथून पुढे शेख महंमदांचे उर्वरित आयुष्य श्रीगोंद्यात गेले. ते विठ्ठलाचे कीर्तन करीत, मराठी ओव्या व अभंग रचीत, थोडी रचना दखनी बोलीतही करीत. मात्र हे आयुष्य सुखाचे होते असे कोणी समजू नये. एका बाजूचे लोक म्हणत की हा आपल्या दीनापासून ढळला. दुसऱ्या बाजूचे म्हणत की या अविंधाला शास्त्र सांगण्याचा अधिकार काय? अविंध म्हणजे कान न टोचलेला, अर्थात मुसलमान. शेख महंमदांनी हा शब्द लपवला नाही, उलट तो आपल्या नावापुढे स्वतःच लावून घेतला. केवड्याच्या झाडाचे काटे, फणसाची खरबरीत साल आणि नारळाची कवटी यांचे दाखले देऊन त्यांनी आपली बाजू मांडली, आणि बाहेरचे आवरण पाहून आतल्या रसाची परीक्षा होत नाही हे समजावले. त्यांनी नाव बदलले नाही, कुळ नाकारले नाही, आणि अंतरीचा गोविंदही सोडला नाही. दोन्हीकडून दगड येत असताना मध्ये उभे राहावयाचे आणि हाती दगड घ्यावयाचा नाही, ही तपश्चर्या गिरिकंदरातील तपश्चर्येहून कठीण होय.

इसवी सन १६४५ मध्ये त्यांनी आपला मुख्य ग्रंथ योगसंग्राम पूर्ण केला. तुकोबा तेव्हा देहूस कीर्तन करीत होते, समर्थांनी कृष्णाकाठी आपले कार्य आरंभिले होते आणि मावळात शिवराय स्वराज्याची जुळवाजुळव करीत होते. अशा वेळी एक वृद्ध फकीर श्रीगोंद्याच्या मठात बसून युद्धावरच ग्रंथ लिहीत होता. गीतेला जसे अठरा अध्याय तसे या ग्रंथाला अठरा प्रसंग आहेत. मात्र येथले कुरुक्षेत्र मनुष्याच्या देहात आहे. साधक हाच वीर. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर ही शत्रूची सेना. विवेक, वैराग्य, क्षमा ही आपल्या बाजूची शस्त्रे, आणि सद्गुरू हा सारथी. याशिवाय पवनविजय, निष्कलंक प्रबोध, ज्ञानसागर अशी त्यांची इतर रचनाही उपलब्ध आहे. वा. सी. बेंद्रे यांच्यासारख्या संशोधकाने परिश्रम घेऊन हे वाङ्मय विसाव्या शतकात प्रकाशात आणले, आणि डॉ. रा. चिं. ढेरे यांनी मुसलमान मराठी संतकवींवर स्वतंत्र ग्रंथ लिहून या परंपरेची ओळख सामान्य वाचकाला करून दिली. याबद्दल महाराष्ट्राने त्यांचे ऋणी राहिले पाहिजे.

योगसंग्राम या नावाकडे व्याकरणाच्या दृष्टीने पाहू. युज् म्हणजे जोडणे, त्यापासून योग. संग्राम म्हणजे झुंज. जोडणे आणि झुंजणे या दोन विरुद्ध क्रिया एकाच समासात या फकिराने बसवल्या आहेत. कोणाशी जोडावयाचे आणि कोणाशी झुंजावयाचे, हा विवेक हाच या ग्रंथाचा आत्मा आहे. परमात्म्याशी, आणि म्हणून ज्या ज्या देहात तो वसतो त्या सर्वांशी योग करावयाचा. संग्राम करावयाचा तो एकट्या आपल्या अहंकाराशी. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी मनुष्याला स्वतःचाच मित्र आणि स्वतःचाच वैरी म्हटले आहे. सूफी ज्याला मोठे युद्ध म्हणतात तेही हेच. गीतेचा अर्जुन आणि सूफींचा साधक शेख महंमदांच्या ग्रंथात एका रथावर येऊन उभे राहतात.

आता आपण आपल्याकडे वळून पाहू. आजचा मनुष्य या समासाचा विग्रह नेमका उलटा करतो. तो आपल्या क्रोधाशी, लोभाशी, गर्वाशी योग साधून बसला आहे आणि शेजाऱ्याशी मात्र संग्राम मांडतो. सकाळी पूजा, संध्याकाळी आरती, आणि मधल्या वेळात हातातल्या मोबाइलवर दुसऱ्याच्या देवाची निंदा! साधना वाढली, पण साधक शांत झाला नाही. याचे कारण एकच, की युद्ध चुकीच्या मैदानावर चालले आहे. शेख महंमदांचे काव्य आजच्या साधकाला मार्गदर्शक वाटते ते याच कारणाने.

येथे एका गैरसमजाचे निरसन करणे अवश्य आहे. सर्व धर्म सारखेच, म्हणून कशातही काही निवडावयाचे कारण नाही, असा मऊ उपदेश शेख महंमदांनी केला अशी पुष्कळांची समजूत असते. ती यथार्थ नव्हे. ते अत्यंत कठोर परीक्षक होते. देवाच्या नावाने मुक्या प्राण्यांचा बळी देणारे, नवसासायासांचा बाजार मांडणारे, भगवी वस्त्रे नेसून शिष्यांचे द्रव्य हरण करणारे गुरू आणि हिरवी कफनी पांघरून तेच करणारे फकीर या सर्वांचा त्यांनी सारखाच समाचार घेतला. खरा गुरू कोणता आणि खोटा कोणता, हे पारखून घेण्याविषयी त्यांनी पुनःपुन्हा बजावले आहे. गुरू शिष्याला आपल्याशी बांधून ठेवतो की त्याला देवाकडे पोहोचवून स्वतः बाजूला होतो, हीच ती पारख. गल्लोगल्ली गुरूंची दुकाने थाटलेल्या आजच्या दिवसांत ही पारख सोन्याहून मोलाची आहे.

महिपतींनी शेख महंमदांची आणखी एक कथा दिली आहे. तुकोबांचे कीर्तन रंगात आले असताना मंडपाला आग लागली. त्याच क्षणी कित्येक कोस दूर श्रीगोंद्यास शेख महंमद बसले होते. त्यांनी तेथूनच हात चोळून ती आग विझवली, आणि जवळच्या लोकांनी पाहिले तो त्यांचे तळहात काळे झाले होते. या चमत्कारावर कोणी विश्वास ठेवावा, कोणी न ठेवावा. आम्ही श्रोत्यांचे लक्ष त्या काळ्या झालेल्या तळहातांकडे वेधतो. मंडप दुसऱ्याचा, कीर्तन दुसऱ्याचे, पण आग विझवताना स्वतःचे हात पोळू देण्यास हा फकीर तयार झाला. लोकमानसाने त्याच्याविषयी जी कथा जपून ठेवली ती आग लावण्याची नव्हे, विझवण्याची आहे. मनुष्य गेल्यावर समाज त्याच्याविषयी कोणती कथा सांगतो, यावरून त्याच्या आयुष्याचा ताळेबंद कळतो.

शेख महंमदांनी श्रीगोंद्यासच देह ठेवला. त्यांची समाधी तेथे आहे. मराठी मुलखाने त्यांना कबीराचा अवतार मानले. त्यांच्या स्तुतीची एक आरती समर्थ रामदासांच्या नावावर सांगितली जाते. ते एकटेही नव्हते. बिदरकडील शाह मुंतोजी, ज्यांना आपण मृत्युंजय म्हणून ओळखतो, हेही कादरी परंपरेतले. त्यांनी वेदान्ताच्या आणि सूफी मताच्या परिभाषा मराठीतून एकमेकींशेजारी मांडल्या. हुसेन अंबरखान यांनी सतराव्या शतकात गीतेवर अंबरहुसेनी नावाची मराठी टीका लिहिली. मराठी ही या सर्वांना परधर्माची भाषा वाटली नाही. ती त्यांची मायबोलीच होती.

भाषेचा हा मुद्दा आमच्या दवनीवाड्याच्या परिसरातील वाचकाला वेगळा समजावून देण्याची गरज नाही. गोंदिया जिल्ह्यात एका घरात पोवारी बोलतात, दुसऱ्या घरात गोंडी, बाजारात हिंदी चालते, आणि हे सर्व लोक रात्री कीर्तनाला बसतात तेव्हा मराठी अभंगावर एकत्र टाळी देतात. सूफी सत्पुरुषाचे स्थानही विदर्भाला नवे नाही. नागपूरचे ताजुद्दीनबाबा १९२५ मध्ये निवर्तले. त्यांना नागपूरकर रघुजीराजे भोसले यांनी आपल्या वाड्यात सन्मानाने ठेवून घेतले होते, आणि ताजबागेत आजही सर्व जातिधर्मांची माणसे माथा टेकतात. श्रीगोंद्याच्या मठाची कथा म्हणूनच आपल्याला परमुलखातील वाटू नये.

परंतु त्या कथेला अलीकडे एक दुःखद वळण लागले आहे, आणि त्याविषयी मौन धरणे आम्हांस योग्य वाटत नाही. शेख महंमदबाबांच्या त्या स्थानाला मंदिर म्हणावे की दर्गा, त्याची नोंद कोणत्या नावाने असावी आणि जीर्णोद्धार कोणी करावा, यावरून वाद वाढत गेला आणि २०२५ मध्ये श्रीगोंद्यात आंदोलनापर्यंत गोष्ट आली. कागदपत्रांचा निवाडा करणे हे न्यायसंस्थेचे व अधिकाऱ्यांचे काम आहे, कीर्तनकाराचे नव्हे. आम्ही त्या वादात कोणाच्याही बाजूने वा विरुद्ध शब्द उच्चारणार नाही. एवढेच विचारू की, बाबांनी आयुष्यभर जो संग्राम सांगितला तो हाच काय? ज्यांनी स्वतःचे नाव, स्वतःचे कुळ, स्वतःची साधना यांपैकी काहीही न सोडता सर्वांना आपले केले, त्यांच्या समाधीपाशी उभे राहून आपण परस्परांना परके ठरवू लागलो, तर समाधी कोणाच्या ताब्यात गेली याला फारसा अर्थ उरत नाही. जो शत्रू जिंकावयाचा तो आपल्या छातीत सुखरूप बसलेला असतो.

मग आज करावे तरी काय? या चरित्रातून आम्हांस तीन गोष्टी दिसतात, आणि त्या कोणत्याही गृहस्थाला साधण्यासारख्या आहेत. दुसऱ्याला दुखावणारा शब्द तोंडी आला की तो क्षणभर आपल्याच बोटावर लावून पाहावा. जो कोणी गुरू म्हणून पुढे येईल त्याने आपल्याला देवाकडे नेले की आपल्या तिजोरीकडे, याची पारख करावी. आणि कोठे आग लागलेली दिसली तर मंडप कोणाचा हे विचारण्यापूर्वी हात पुढे करावा. नामस्मरण विठ्ठलाचे करावे की अल्लाचे, हे ज्याच्या त्याच्या कुळाने व श्रद्धेने ठरवावे. त्या नामाने आपला क्रोध कमी झाला की नाही, याचा हिशेब मात्र रोज रात्री निजण्यापूर्वी ज्याचा त्याने करावा.

आज रात्री गावोगाव नाथांच्या नावाचा गजर होईल. शांतिब्रह्म ही पदवी नाथांना ज्या गुरुकृपेने लाभली, त्याच कृपेने श्रीगोंद्याच्या फकिराला आपल्या तळहातांनी आग विझवण्याचे बळ दिले. त्या दोघांच्या चरणी एकच प्रार्थना करावी, की आम्हांला जोडण्याचे आणि झुंजण्याचे ठिकाण नीट ओळखू द्या. इत्यलम्.